पसाऱ्याचा फोटो

आमच्या घरी पसारा फोटो पाहून लावतात, सांगतो तुमाले. वहिनी माह्या पुतणीले, चिऊले, घेऊन कायमची माहेरी नागपूरले गेली. दोन महिन्यांनी आईनं मले चिऊची खोली आवराले लावलं. दिवसभर खपून मी सारी खेळणी पोत्यात भरली. संध्याकाळी दादा आला अन् त्यानं अख्खं पोतं फरशीवर उलटं केलं.

"काहून गा दादा, येडा झाला का?"

त्यानं मोबाईलमंधी जुन्या पसाऱ्याचा फोटो उघडला. "हत्ती पलंगाखाली सरकव. आणखी थोडा."

तासभर आम्ही दोघं पसारा लावून राह्यलो होतो.

"पण कायले?"

"जाताना चिऊ म्हणे, पप्पा, हात नका लावू, मी येऊन आवरीन. तू आवरलं त ती कायले येईन?"

मंग मी माह्या कपाटातलं सामानही आणून तिथंच ओतलं; म्हटलं, आवराले तिले चार दिवस जास्त लागू दे.