मामाचा फेटा

सांगलीच्या एसटी स्टँडवर मी वडूजच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर फुटबॉलची मॅच बघून आलेले दोघं होते. त्यांचं गाव हरलं होतं.

"एकच गोल, इमाम. आन त्यो बी पेनल्टीवर! बॉल आपल्या पोराच्या हाताला लागला तरी हुता का?"

"लागला की, आकाराम. मला लांबनं दिसला."

"रेफरी फितूर हुता. हाफटाइमला त्यांच्यातच बसून चहा प्याला."

"आरं, रेफरी तुझा सख्खा मेव्हणा. त्यो कशाला तुझ्या गावाला हरवंल?"

"म्हणूनच तर! माझ्या पल्लवीच्या लग्नात मामाला फेटा बांधायचा राहिला. तवापासनं मनात धरून बसलाय."

"आन आपल्या कोचनं एक गोल खाल्ल्यावर बी सगळी पोरं मागंच ठेवली. त्यो बी लग्नात रुसला हुता व्हय?"

"त्यो जेवला न्हाई. मी तवाच वळखलं."

"गड्या, त्याचा उपास हुता."

"ऱ्हाऊ दे, इमाम. लग्नात फेटं कोण बांधत हुतं?"

"मी."

"मग नेमका मामाच कसा राहिला?"

"त्यो पंगतीत वाढत हिंडत हुता. घावलाच न्हाई."

"आन आज तू त्यांच्या लोकांत जाऊन का बसला हुतास?"

"ऊन लय हुतं रं. सावली तेवढी तिकडंच हुती."

"बघ की! सावलीसुदीक त्यांनाच दिली."