शंभरचे पाच बल्ब

(पेठ तालुक्यातला एक पाडा, जानेवारी २००४. दिवस मावळतोय. नवसाबाईच्या कुडाच्या बंद पडवीत कोंबडीची पिलं आणि त्यांच्यावर टांगलेले बल्ब. तिचा भाचा रोहित अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे.)

रोहित : बल्ब चांगलेच आहेत, मावशी. मी आणलेले नवे लावून बघितले, तेही असेच लाल जळतायत.

नवसाबाई : मग पिलं का मरत्यात रं? डाक्टर बोलला, पाचशे वॅट लाव, ऊब पुरंल. मी शंभरचे पाच लावले. मोज की तू!

रोहित : शंभर लिहिलंय ते दोनशे तीस व्होल्टला. इथं माझं मीटर एकशे तीस दाखवतंय. करंट एक पॉइंट सहा.

नवसाबाई : मला कळंल असं बोल.

रोहित : दोन्हींचा गुणाकार केला की खरे वॅट निघतात. एकशे तीस गुणिले एक पॉइंट सहा... दोनशे आठ.

नवसाबाई : पाचशेतले?

रोहित : हो. पाचशेतले दोनशे आठ.

नवसाबाई : तरीच... मी रोज सकाळी मीटर बघती. रातभरात अडीचच युनिट. मी खूश! म्हनलं, बल्ब गुणाचे हायेत, वीज कमी खात्यात.

रोहित : बारा तासांत सहा पडायला हवे होते.

नवसाबाई : म्हंजे मीटर रोज सांगत व्हता. आन् मी आपली हसत व्हते. तवर वीस पिलं मेली, रोहित.

रोहित : तुला कसं कळणार, मावशी.

नवसाबाई : तू तिकडं केवढाल्या मशिनी चालू करतोस. पाच बल्ब आनखी लाव. नवे हायेतच की.

रोहित : लावतो. पण बघ हं, काय होतं ते... हे लावले. व्होल्ट उतरले, एकशे पाच. करंट दोन पॉइंट आठ पाच. तीनशेला एक कमी. बल्ब दुप्पट झाले, ऊब नाही झाली. आणि ही जुनी बारीक वायर बघ हात लावून.

नवसाबाई : आई गं! भाजली!

रोहित : काढतो ते पाच. घर पेटेल एखादवेळी. आपलं घर लाइनच्या शेवटाला, इथपर्यंत दमच राहत नाही विजेत. जवळ ट्रान्सफॉर्मरची डीपी बसली तर होईल. पण ती काही आज बसत नाही.

नवसाबाई : आन् थंडी आजच हाय.

रोहित : शेगडी ठेवली तर?

नवसाबाई : ठेवली व्हती परवा. धुरानं अकरा गेली. गोणपाटं बांधली, भाताचा तूस पसरला. आता काय करू, सांग ना! माझी एकलीची असती तर रडून मोकळी झाले असते. बचत गटातल्या धा जणींची हायेत ही. नऊ जणी निफाडकडं द्राक्षांच्या कामाला गेल्या, माझ्या जिवावर सोडून. कुसाबाई तर जाताना एकेका पिलाला हात लावून गेली.

रोहित : मला काही सुचत नाही, मावशी. गुणाकार येतो, तेवढाच. खोटं कशाला बोलू?

नवसाबाई : पदराखाली घेतलेली दोन काल जगली बघ. माणसाची ऊब कितीची आसंल रं?

रोहित : कंपनीत एसी बसवताना माणसंही मोजतात. बसलेला माणूस धरायचा शंभर वॅटचा.

नवसाबाई : शंभर? खरे शंभर? हितं बी?

रोहित : हितं बी. त्याला व्होल्टेज नाही लागत.

नवसाबाई : म्हंजे मी एक बल्ब.

रोहित : दोनशे आठ आणि शंभर, तीनशे आठ... तरीही एकशे ब्याण्णव कमी पडतात, मावशी.

नवसाबाई : धा जणी असतो तर हजार झाले असते.

रोहित : हो.

नवसाबाई : जा तू, शेवटची एसटी चुकंल. ती गोधडी दे हिकडं, आन् ही बारकी पिलं आधी घाल माझ्या मांडीवर. जाताना दार नीट ओढून घे. एकलीची ऊब हाय.