शेडचं कुलूप आणि सरपंचांची मुदत

मंडळी, एक सांगा — दार लावून घेणारा पापी, की ‘उद्या उघडतो’ म्हणणारा पापी? अं? मान डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत ना? मग ऐका!

एक गाव होतं. गावाला स्मशान, स्मशानाला पत्र्याची शेड, शेडला कुलूप! मेलेल्याला कोण चोरून नेतंय हो? पण कुलूप! का? तर खालच्या आळीचं मढं आत येऊ नये म्हणून. त्यांनी ओढ्याकाठी उघड्यावर जाळायचं. त्याच आळीतल्या लिंबाजीबाबांची बायको गेली ती ऐन पावसात. अर्धी चिता विझली! म्हातारा रात्रभर छत्री धरून उभा — कशावर? चितेवर! तेव्हापासून एकच धोशा. सुनेला म्हणायचा, “धुरपदे, मला ओलं जाळू नको गं पोरी.”

धुरपदा म्हणाली, “मामा, शेडमधीच न्हेते तुमास्नी.” आणि गेली थेट मानवी हक्क आयोगात!

आता सरपंच उत्तमराव. हुशार माणूस! भांडले नाहीत, मुदत मागितली. कधी कागद सापडेनात, कधी सरपंचांची कंबर धरली! आणि इकडे म्हातारा अंथरुणाला खिळलेला. समजलं का गणित? उत्तमरावांना खटला जिंकायचा नव्हता हो, म्हातारा मरायची वाट बघायची होती! मला तर असा राग येतो ना... असो. बोला, विठ्ठल विठ्ठल!

पुढच्या तारखेला सरपंच हात जोडून उभे. “मॅडम, वकीलसाहेब तापानं फणफणलेत. मुदत द्या.”

धुरपदा रडकुंडीला आली. “बाई, माझं म्हातारं मुदत देईना वो!”

आयोगाच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, “आजारी माणसाला मुदत नाकारणार नाही. दिली!”

सरपंच मिशीत हसले.

“थांबा. उशीर तुम्हाला हवा, तर त्याची झळ या बाईंनी का सोसायची? निकाल लागेपर्यंत शेड सगळ्यांना उघडी. कुलूप आजच काढायचं. आता घ्या हवी तेवढी मुदत!”

अहो, सरपंचांची कंबर एकदम सरळ! “नको नको! मुदत नको! आजच चालवा!”

“आणि वकील?”

“हे काय, बाहेर चहा पितायत!”

हसा! पोटभर हसा! ताप उतरला, वकील आत आला, पण बोलणार काय? कुलपाच्या बाजूनं एक शब्द सापडेना. त्याच दिवशी निकाल — कुलूप कायमचं काढा!

आणि लिंबाजीबाबा? मेले म्हणता? छे! निकाल ऐकला, उठून बसले, भाकरी मागितली! दुसऱ्या दिवशी सुनेच्या खांद्यावर हात टाकून शेडमध्ये गेले. वर पत्र्याकडे बघितलं नि विचारलं, “धुरपदे, गळत नाही ना गं?”

बास! एवढंच हवं होतं हो त्या माणसाला.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. ‘उद्या’ म्हणणारा हात जोडून गळा कापतो!

छान, माना डोलल्या. मंडळी, काल येताना तुमच्या गावचं स्मशान वाटेत लागलं. तिथंही शेड आहे. कुलूपही आहे. पुढं बसलेले फेटेवाले, तुम्हालाच विचारतोय — किल्ली कुणाकडे आहे?

‘कीर्तन झाल्यावर बघू’ म्हणू नका. टाळ थांबवलेत. मी इथं उभा आहे. जा, घेऊन या.