फरक किती चालेल?

...नाही, पण मी म्हणतो, आठ वर्षं एका टेबलावर जेवतो आपण, एका शब्दानं सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? तुम्हाला सांगतो, चांगह्वा शहरातला आमचा गोठवलेल्या डंपलिंगचा कारखाना, सारण भरणारी माणसं बेचाळीस, आणि सगळ्यांना ठाऊक, मला सोडून!

झालं काय, आमचे मॅनेजर फांग साहेब गरजले, "यंदा प्रशिक्षणाची परीक्षा कॉम्प्युटरवर! नापास होईल तो भरायच्या टेबलावरून उठेल आणि थंडखोलीत खोकी रचेल!" आणि प्रश्न कुणी काढायचे? मी! मागच्या वर्षी चार पर्याय दिले, तर शेजारणीचं बघून सगळ्यांनी 'क' ठोकला... म्हणून यंदा म्हटलं, आकडाच लिहा. 'एका डंपलिंगमध्ये सारण किती ग्रॅम?' रिकामी चौकट! उत्तर अठरा. नियमपुस्तकात अठरा, पाकिटावर अठरा, भिंतीवरच्या तक्त्यावर अठरा, तो तक्ता मी स्वतः चिकटवलाय हो! तर खाली मशीन विचारतं, 'फरक किती चालेल?' मी म्हटलं, आपली आचौ मावशी एकोणतीस वर्षं हातानं भरतेय, गुडघे कामातून गेलेत, थंडखोलीत दोन दिवस टिकायची नाही... असू दे एक ग्रॅम इकडे, एक तिकडे!

निकाल लागला. बेचाळीसच्या बेचाळीस नापास! सगळ्यांनी लिहिलेलं चौदा! एकीनं साडेचौदा... ती दयाळू असणार. मी धावत मावशीकडे, "मावशी, हे चौदा काय?"

"अरे आशिन, चौदाच तर भरतो! गेल्या हिवाळ्यापासून."

"मग परीक्षेत तरी अठरा लिहायचं!"

"तू विचारलंस, सारण किती. पाकिटावर काय छापलंय, हे कुठं विचारलंस?"

घ्या! आणि तुम्हाला सांगतो, नववर्षाला मी सहा पाकिटं घरी नेली होती. आई म्हणाली, "हल्ली नुसती पारीच लागते रे." मी भांडलो तिच्याशी! म्हटलं, "आई, तुझी जीभ गेली, आमचं सारण नाही गेलं!" सख्ख्या आईला बोललो मी, या लोकांच्या जिवावर! आणि ही मावशी रोज माझ्या डब्यात चार डंपलिंगं टाकते, खा बाळा म्हणते... ती चौदाचीच ना? सगळ्यांना ठाऊक, मला सोडून!

तडक साहेबांकडे गेलो. "दार लाव," म्हणाले. "उत्तर अठराच ठेव, तपासणीवाले कागद बघतात. फरक तेवढा चार कर, सोमवारी परत परीक्षा घेऊ."

"साहेब, मग मशीन बावीससुद्धा बरोबर धरेल!"

"बावीस भरतंय कोण?"

आता बोला! नाही म्हणावं, तर मावशी सोमवारी थंडखोलीत. हो म्हणावं, तर परीक्षेखाली नाव माझं, चौदाला अठरा म्हणणारा मी! खोटं त्यांचं, आणि गळ्यात माझ्या! बसलो कॉम्प्युटरपुढे. वाईट वाटलं हो, खरंच वाईट वाटलं... पण दाबला चार.

तेवढ्यात मागून चहाचा पेला आला. मावशी! चष्मा नाकावर ओढून पडद्यात बघतेय. म्हटलं, हिच्यासाठी पाप केलं, आता डोळ्यांत पाणी येईल हिच्या...

"चार?" म्हणाली. "अरे वेड्या, पाच कर पाच. सोमवारपासून तेरा भरायचेत, तुला सांगितलं नाही कुणी?"

...केले पाच.