टोपलीतले कागद

नाही हो भाऊ, तुमच्या मुलीची खुर्ची मी उगाच नाही काढून घेतली — बसा ना, बसून बोला — परीक्षा बारा दिवसांवर आलीय हे मला कळत नाही का? अकरा वर्षं ही अभ्यासिका सांभाळतेय मी. खुर्च्या चाळीस, आणि यादीत शंभर जण ताटकळलेत. मग ज्याला अभ्यास करायचाय त्यानंच बसावं की नाही? तुमची मुलगी अभ्यास करत नाही. रागावू नका. घरी काय सांगते? मावशी खडूस आहे म्हणत असेल. म्हणू दे.

इकडे या, दारातून बघा, हळूच. तो कोपऱ्यातला चष्मेवाला — सकाळपासून मान वर नाही. पानं नुसती पिवळीधमक, एक ओळ सोडत नाही पिवळ्या पेनानं रेघ मारायची. याला म्हणतात अभ्यास! आणि तुमची? अर्धा तास वाचते की पुस्तक बंद. मग छताकडे बघत पुटपुटत बसते — कुणाशी बोलते? विचारलं, तर म्हणे, स्वतःलाच शिकवतेय, मावशी. ऐकलंत? मग कोरा कागद काढते, पुस्तकाला हात न लावता भराभरा लिहिते, नंतर पुस्तक उघडून लाल पेनानं आपल्याच चुका काढते, आणि कागद टराटरा फाडून टोपलीत. संध्याकाळी सहाला घरी, का तर झोप पुरी व्हायला हवी! सोमवारचा धडा गुरुवारी परत, पुढच्या आठवड्यात परत. अहो, झालेला धडा परत परत कशाला? दिसायला गरीब गाय, पण खाली मुंडी पाताळ धुंडी. म्हटलं, इथं पाणी मुरतंय, ही कॉपीच्या चिठ्ठ्या करतेय.

मग काय, मी टोपली तपासायला लागले. रोज. — असे का बघताय? कामच आहे माझं ते. तुकडे जुळवले, चिकटवले, तारखा घातल्या, या खणात ठेवले. पुरावा नको? हा बघा, हृदयाचा धडा. पहिल्या दिवशी अर्धं चूक — डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, झडपांचा तर पत्ताच नाही. तीन दिवसांनी चुका पाच. हा आठवड्यानंतरचा — एकच, तीही किरकोळ. काय म्हणता? चिठ्ठी करणारी ती फाडेल कशाला? हो, आलं ना माझ्याही मनात. आलं आणि मी दामटून खाली बसवलं.

कारण ते खरं धरलं तर मी कुठे जाऊ, भाऊ? याच परीक्षेला मी तीनदा बसलेय. दिवसाला दहा-दहा तास, मान वर नाही, पिवळी पेनं किती संपवली त्याला गणती नाही. आणि पेपर हातात आला की डोळ्यांसमोर नुसता पिवळा रंग, अक्षर एक नाही. घरचे म्हणाले, हिला डोकंच नाही. मीही तेच म्हणत आले, वीस वर्षं — सोपं पडतं हो तसं म्हणणं. आणि ही कालची पोर अर्ध्या वेळात, पुस्तक मिटून... म्हणजे माझं डोकं धड होतं, रीतच चुकली, असंच ना? फार राग आला मला. समोर तिची खुर्ची होती, ती काढून घेतली. झालं समाधान?

अहो, तो गठ्ठा राहू द्या. क्रमानं लावलाय. — नाही, ते तळाचं तिचं नाही. अक्षर वेगळं आहे तर असू दे! कुणाचंही असेल... हो. माझं. सात चुका आहेत, दिसतात मलाही. परवा अकरा होत्या. परीक्षा कसली आता? वय कधीच उलटून गेलं माझं, फॉर्मसुद्धा घेणार नाहीत. तरीही काय तरीही? ठेवा ते. ठेवा म्हणते ना!

उद्या सकाळी सातला पाठवा तिला. खुर्ची कुणाला दिलेली नाही. आणि यातलं अवाक्षर तिच्यापाशी काढायचं नाही, सांगून ठेवते. निघा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना — आत पोरं अभ्यास करतायत.