चांगली शिक्षा

नानाखेड्याच्या बस स्टँडवर मी बाळाला मांडीवर घेऊन इंदूरच्या बसची वाट बघत होते. शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीची मुलगी मृणाल पाणी भरायला गेली होती.

"वहिनी, तिला हॉस्टेलमध्ये एकटीला नको ठेवूस. मी राहते इंदूरला, सोबत."

"वन्सं, एकोणीस वर्षांची आहे ती. या वयात कोण आत्या घेऊन फिरतं?"

"जिचं बोललेलं खरं होऊन बसतं, तिनं फिरावं. शेजारच्या सुमीतचं विसरलीस?"

"काय गलत बोलली ती? आशीर्वादच दिला."

"'तुला चांगली शिक्षा मिळो' म्हणाली. आठ दिवसांत त्याला कॉलेजातून काढलं."

"तिच्या मनात हिंदीतली शिक्षा होती, शिक्षणवाली. आपण सगळेच इथे असं मिसळून बोलतो."

"आपलं खरं होत नाही ना. ती रागानं बोलली असती तर मी एवढी भ्याले नसते. राग दिसतो तरी."

"म्हणून जन्मभर पहारा? तेव्हापासून ती घरात 'हो' आणि 'नको' एवढंच बोलते."

"बरंच आहे की."

"तुम्हाला बरं वाटतं. मी दोन महिने तिची बडबड ऐकली नाहीये."

मृणाल आली. बाळानं तिची ओढणी पकडली. ती वाकली, पण तिनं आईकडे बघितलं नाही, आत्याकडेही नाही. मला विचारलं, "ताई, याच्याशी बोलू का?"



"बोल ना," मी म्हणाले. "फक्त काय बोलणार ते आधी माझ्या कानात सांग."