तळाचा लाल रंग

मंडळी, एक सांगा! जे काम कुणाच्या डोळ्यांना दिसणारच नाही, ते मन लावून करायचं का? — काय हो मागचे? नुसती मान हलवू नका, तोंडाने सांगा! "करायचं" म्हणता? मग घरी कपाटामागचा केर कोण काढतो? ...राहू दे, उगाच घरोघरी भांडणं लागायची!

ऐका. देवगडकडे भिकाजी तांडेल नावाचा गडी. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवली! दोरांना फळी टांगायची, फळीवर बसायचं, आणि शेजारी जोडीदार — जनू मयेकर. दोघं निवृत्त होऊन गावी आले, आणि जनूची दृष्टी गेली. हसता-बोलता माणूस ओटीवर मुका होऊन बसला. त्यात लेक म्हणाली, "बाबा, फुडल्या शुक्रवारी तुमका पुण्याक नेतंय."

भिकाजीला घोर लागला हो! आता भेट कधी? त्याने जनूसाठी आधीच मुंबईहून प्लास्टिकच्या जहाजाचा खोका मागवला होता — सुटे भाग, आपणच जोडायचे. हातभर लांब मालवाहू जहाज! जोडलं झकास. मग प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर. पण गोदीचा हात तो! खऱ्या जहाजाला मारतात तसे जाडजूड दोन हात प्राइमरचे, वर दोन रंगाचे! वाळवलं, आणि नेऊन ठेवलं जनूच्या मांडीवर.

जनूने बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"आरे भिक्या, ही बोट आसा की साबणाची वडी?"

हसू नका! खिडक्या बुजल्या, शिड्या बुजल्या, कठडे बुजले. ज्याला बोटांनीच बघायचं, त्याच्यापुढून जहाजच पुसून टाकलं!

घरी येऊन भिकाजीने जहाज सोड्याच्या पाण्यात बुडवलं, दातांचा जुना ब्रश घेतला आणि दोन दिवस घासलं. मग प्राइमर — दुधासारखा पातळ! एक हात, वाळवण. दुसरा हात, वाळवण. खिडकी न् खिडकी उघडी राहिली. वर पांढरा मारला, बाजूंना काळा मारला, आणि तळाला, खऱ्या जहाजाला पाण्याखाली असतो तसा, लावायचा लाल... डबा रिकामा! पहिल्या वेळी ओतला होता ना!

बायको म्हणाली, "आता लालसाठी कणकवलीक कित्याक जातास? हिरवो आसा तो मारा. त्येंका दिसता खंय?"

खोटं बोलली का ती? नाही हो! भिकाजी हिरव्या डब्यापाशी बसलासुद्धा. ब्रश बुडवला... आणि पुसला. सकाळची एसटी धरली.

शुक्रवारी गाडी दारात. जनूच्या मांडीवर जहाज. बोटं कठड्यावरून गेली, शिडी चढली, खिडक्या मोजू लागली. "हयसर आपली फळी टांगलेली, भिक्या!" — आणि महिना महिना धड न बोलणारा माणूस घडाघडा बोलायला लागला! डोळ्यांना धार लागली. मग बोटं तळाशी थांबली.

"खाल्ती लाल लावलंस?"

"लावलंय."

"बरा."

बस्स! शेजारी लेक उभी होती. जनूने तिला विचारलं का, "बघ गो, खराच लाल आसा?" नाही! गरजच वाटली नाही त्याला. अहो, तळ हिरवा असता, तर जनूला जन्मात कळलं नसतं. पण भिकाजीला? त्याला रोज कळलं असतं!

मंडळी, देव बघतो म्हणून नीट वागता, चांगलंच आहे. पण आपल्या एका शब्दावर, पुन्हा न विचारता, "बरं" म्हणणारं एक तरी माणूस तुमच्या घरी आहे ना? आज घरी जाल, ते काहीतरी विचारील. उत्तर देताना मान खाली जाणार नाही, असं वागा. — टाळ का थांबले? बोला, हरी विठ्ठल!